आत काय आहे? : बीड जिल्ह्यातील ‘असेंबल’ संगणकाचा बाजार (१९९८–२०१३)

माझ्याकडे कोटेशनची सात पुस्तके आहेत. बीडच्या सुभाष रोडवर एका जिन्याखालच्या दुकानात ती वापरली गेली. पहिले १९९८ च्या दिवाळीआधीचे, शेवटचे २०१२ चे. ग्राहकाला वरचा पांढरा कागद फाडून दिला जाई आणि पुस्तकात खालचा पिवळा कागद कार्बनच्या निळ्या अक्षरांसह राही. दुकान बंद झाले तेव्हा मालकांनी ही पुस्तके रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली होती; मी ती मागून घेतली. त्या दुकानात मी १९९९ ते २००६ नोकरी केली. त्यामुळे बऱ्याच पानांवरचे हस्ताक्षर माझेच आहे आणि त्यातल्या एका पानाविषयी मला थोडे लाजतच लिहावे लागणार आहे.

ते पान ऑक्टोबर २००१ चे. केज तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींसाठी केलेले. ओळी अशा :

‘प्रोसेसर – इंटेल पेंटियम थ्री, ८६६ (बॉक्स). मदरबोर्ड – इंटेल ८१५. रॅम – १२८ एमबी. हार्ड डिस्क – सीगेट २० जीबी. फ्लॉपी ड्राइव्ह १.४४. सीडी रॉम – सॅमसंग ५२ एक्स. मॉनिटर – सॅमसंग १५ इंची कलर. कीबोर्ड – टीव्हीएस गोल्ड. माऊस – लॉजिटेक. स्पीकर – १ जोडी. कॅबिनेट – एटीएक्स.’

खाली एकूण रक्कम, ‘एक वर्ष वॉरंटी’ हे शब्द आणि दुकानाचा रबरी शिक्का. शिक्का इतका पुसट की आज दुकानाचे नाव वाचायला भिंग लागते. वरची नावे मात्र ठसठशीत आहेत.

तीस-पस्तीस हजार रुपये ही त्या काळी गुरुजींच्या कित्येक महिन्यांच्या शिलकीची रक्कम होती. दुकानाचे नाव त्यांनी दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलेले. दुकान दहा बाय बाराचे, आत एक टेबल, एक सोल्डरिंगची इस्त्री आणि मी. मग त्यांनी पैसे ठेवले ते कोणाच्या भरवशावर? या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग काढतो आहे. संगणकाचा इतिहास लिहिणारे मोठ्या कंपन्यांचा लिहितात. हा देश संगणक शिकला त्या वर्षांत विकल्या गेलेल्या यंत्रांपैकी फार मोठा हिस्सा अशा जिन्याखालच्या दुकानांत जोडलेला होता. त्या दुकानांची कागदपत्रे रद्दीत गेली.

*

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘आतला भाग कोणाचा?’ हा प्रश्न मराठवाड्याला संगणकाने शिकवला नाही. तो आमच्याकडे आधीपासून विचारला जात होता.

उन्हाळ्यातला कूलर घ्या. बीड, परळी, माजलगाव येथे मार्च लागला की पत्र्याचे कूलर रस्त्यावर मांडले जातात. पत्रा गावातल्या कारागिराने वाकवलेला, रंग त्यानेच मारलेला, बाजूला गवताच्या ताट्या. या कूलरला नाव नसते. गिऱ्हाईक पत्र्यावर टिचकी मारून जाडी बघते आणि मग पहिला प्रश्न विचारते : ‘मोटर कोणाची?’ क्रॉम्प्टन किंवा उषा असे उत्तर आले की भावाची बोलणी सुरू होतात. पीठगिरणीचेही तसेच. जाते कुठले, पट्टा कुठला, उभारणी कोणत्या फिटरची, हे मागाहून. इंजिन किर्लोस्करचे असले की कर्ज काढणाऱ्याची छाती दडपत नसे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, खडकीचा ऑइल इंजिनचा १९४६ चा. विहिरीवर, गिरणीत, गुऱ्हाळावर हे नाव आमच्या आजोबांच्या पिढीपासून ऐकलेले. यंत्र जोडणारा माणूस गावचा आणि यंत्राचा जीव असलेला भाग मोठ्या नावाचा, ही विभागणी लोकांना पटलेली होती. जोडणाऱ्याचे चुकले तर त्याला घरी जाऊन धरता येते. मोटर मात्र तो बनवू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

संगणकाच्या बाबतीत अडचण अशी होती की आतल्या भागाला पूर्वी नाव नव्हतेच. होता तो आकडा. २८६, ३८६, ४८६. मी टायपिंग शिकत होतो तेव्हा ‘त्यांच्याकडे थ्री-एट्टी-सिक्स आलाय’ असेच म्हणत.

हा आकडा नावात कसा बदलला, याची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील इंटेल कंपनीचा ३८६ हा प्रोसेसर चालला, तसे एएमडीनेही त्याच आकड्याने आपला प्रोसेसर काढला. इंटेलने हरकत घेतली आणि १९९१ साली न्यायालयाने निकाल दिला की ‘३८६’ हा आकडा व्यापारचिन्ह म्हणून एका कंपनीचा होऊ शकत नाही. त्याच वर्षी ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू झाली. डेनिस कार्टर हे तिचे सूत्रधार, अँडी ग्रोव्ह कंपनीचे प्रमुख. योजना अशी : संगणक बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातीत हे गोल चिन्ह छापायचे आणि प्रोसेसरच्या खरेदीच्या प्रमाणात जाहिरात-खर्चाचा काही भाग इंटेलने तिला परत द्यायचा. शेकडो उत्पादक या योजनेत आले. १९९३ साली पुढच्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता ‘पेंटियम’ हे नाव दिले गेले. नाव असले की ते नोंदवता येते.

पुढच्याच वर्षी एक प्रसंग घडला. माझ्या विषयाच्या दृष्टीने मला तो या साऱ्या मोहिमेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. थॉमस नायसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकाला पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. चूक क्वचित होणारी, सामान्य माणसाला आयुष्यात कधी न भेटणारी. पूर्वी असे झाले असते तर प्रोसेसर बनवणारा आणि संगणक बनवणारा यांनी ते आपापसात मिटवले असते. पण आता घराघरांत लोकांना ठाऊक होते की आपल्या यंत्रात ‘पेंटियम’ आहे. ते थेट इंटेलला विचारू लागले. डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला. आतल्या भागाला नाव दिले की त्याचे उत्तरदायित्वही मधल्या माणसाला ओलांडून थेट शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत जाते, हे तेव्हा जगाला दिसले.

मधला माणूस मोठी कंपनी असेल तर तिला हे फारसे आवडणार नाही, कारण तिचे स्वतःचे नाव त्यात मागे पडते. पण मधला माणूस सुभाष रोडवरचा असेल तर? त्याला मागे पडायला स्वतःचे नावच नव्हते.

*

माल कसा येई ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली; आणि जवळचे म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद. बीड शहराला रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. त्या काळी सगळी भिस्त एसटीवर आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर. मॉनिटर आणि कॅबिनेट टपावर किंवा डिकीत पार्सलने येत. प्रोसेसर आणि रॅम मात्र मालक मांडीवरच्या पिशवीत घेऊन बसत. पाच-सहा प्रोसेसर म्हणजे एका पिशवीत एखाद्या एकराची किंमत, असे ते म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण झोप येत नसे हे खरे.

प्रोसेसर दोन प्रकारे मिळे. एक ‘ट्रे’मधला, म्हणजे मोठ्या उत्पादकांसाठी थाळीत भरून आलेला सुटा. दुसरा ‘बॉक्स’, म्हणजे निळ्या खोक्यात, सोबत पंखा, माहितीपत्रक, तीन वर्षांची हमी आणि कॅबिनेटवर चिकटवायचे चिन्ह. ट्रेचा स्वस्त पडे. १९९०च्या दशकात तर सुट्या प्रोसेसरवरचा वेगाचा आकडा घासून वरचा आकडा छापण्याचा धंदा जगभर जोरात होता. १६६ चा २०० करून विकत. पुढे कंपनीने वेग आतूनच बांधून टाकल्यावर हा उद्योग बराच कमी झाला, पण शहराबाहेरच्या दुकानदाराच्या मनात धास्ती राहिली. लॅमिंग्टन रोडवर आपण फसलो तर परत येऊन भांडायला पुन्हा एक रात्र आणि एक दिवस जाणार. म्हणून आमचे मालक बॉक्सच आणत. गुरुजींच्या कोटेशनमध्ये कंसात ‘बॉक्स’ लिहिले आहे, त्याचे कारण हे.

आता त्या खोक्याचे दुकानात काय होई, ते पाहा. गिऱ्हाईक ठरलेल्या दिवशी येई. बहुधा दोघे-तिघे, सोबत ‘यातलं कळणारा’ एखादा भाचा. खोके त्यांच्या हातात दिले जाई. सील बघा, नंबर बघा. मग त्यांच्यासमोरच ते फोडले जाई आणि प्रोसेसर बोर्डात बसवला जाई. मला हे काम करताना लग्नात मंगळसूत्र दाखवणाऱ्या भटजींची आठवण होई. रिकामे खोके गिऱ्हाइकाला परत. कित्येक घरांत ते पुढे वर्षानुवर्षे कपाटावर ठेवलेले मी पाहिले आहे. चिन्हाचा कागद कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला चिकटवला जाई आणि लक्ष्मीपूजनाला कुंकवाचे बोट नेमके त्याच्यावरच लागे. दुसरीकडे लावायचे तरी कुठे? कॅबिनेटला दुसरे नावच नव्हते.

पुढे इंटेलने भारतातल्या छोट्या जोडणाऱ्यांसाठी ‘जेन्युइन इंटेल डीलर’ अशी योजना चालवली. अधिकृत वितरकाकडून माल घ्यायचा, प्रशिक्षणाला हजर राहायचे, मग प्रमाणपत्र आणि फलक. आमच्या मालकांनी ते प्रमाणपत्र काचेत मढवून गणपतीच्या शेजारी लावले. दुकानाच्या नोंदणीचा कागद मात्र गल्ल्यात, घडी घालून.

जोडून दिलेल्या संगणकाची मोठ्या कंपनीच्या संगणकाशी स्पर्धा किमतीवर होती, हे खरेच. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांच्या यंत्रापेक्षा आमचे कित्येक हजारांनी स्वस्त. एक कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या लघुउद्योगाला उत्पादन शुल्काची माफी असल्याने फरक आणखी वाढे. पण नुसत्या स्वस्ताईवर बीडचा माणूस पैसे टाकत नाही. स्वस्त म्हटले की तो आधी दोन पावले मागे सरकतो. ‘इतकं स्वस्त कसं काय?’ या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर होते : ‘आत तेच आहे, जे त्यांच्यात आहे.’ हे वाक्य मी सात वर्षांत किती वेळा उच्चारले असेल! ते खरेही होते. निदान पहिल्या चार-पाच ओळींपुरते.

*

कोटेशनच्या पुस्तकांतून कोणत्या गिऱ्हाइकाला कोणते नाव लागे, हेही दिसते. लग्नपत्रिका आणि स्थानिक दैनिकांची पाने लावणारे डीटीपीवाले मॉनिटरच्या नावाला अडून बसत. दिवसभर त्यांचे डोळे त्यावर. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेला माणूस कीबोर्ड टीव्हीएस गोल्डच मागे, कारण त्याचे बटण दाबले की टाइपरायटरसारखे बोटाला कळते. पतसंस्थांना प्रिंटर हवा असे, एप्सनचा किंवा टीव्हीएसचा, पासबुक आणि दैनिक पत्रक निघावे एवढ्यासाठी. प्रोसेसरचे त्यांना सोयरसुतक नसे. २००२ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांत केंद्रे निघाली, तेव्हा एकदम दहा-दहा यंत्रांची कोटेशने येऊ लागली. तेथे विद्यार्थ्याचे पालक दारातून डोकावून बघत. एका केंद्रचालकाने मला सांगितले होते, ‘सगळ्या डब्यांवर ते गोल स्टिकर एका रांगेत दिसू दे. बाकी तुला काय घालायचं ते घाल.’ हे मी गमतीने घेतले होते. आता पुस्तके चाळताना वाटते, त्याला धंदा आमच्यापेक्षा जास्त कळत होता.

एएमडीचे काय? पुस्तकांत डय़ुरॉन आणि ॲथलॉनची पाने आहेत, पण विरळ. त्याच पैशात ते जास्त वेग देत, हे आम्हा जोडणाऱ्यांना ठाऊक होते. मी स्वतःच्या घरी तोच वापरला. पण दुकानात तो विकायचा म्हणजे अर्धा तास बोलावे लागे आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणे, ‘पर इंटेलचा न्हाई ना?’ ‘तो तापतो’ ही ख्याती होतीच, आणि ती निव्वळ अफवा नव्हती. २००१ च्या सुमाराच्या ॲथलॉनवरची उष्णता-पट्टी निघाली तर तो क्षणात जळे. पेंटियम फोर मात्र वेग कमी करून जीव वाचवत असे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकणाऱ्या गावात, पंख्याला कापसाची धूळ बसलेली असताना, हा फरक पुस्तकी राहत नाही.

*

आता ‘मदरबोर्ड – इंटेल ८१५’ या ओळीकडे येतो.

मदरबोर्ड बनवणारी कंपनी एक आणि त्यावरचा मुख्य चिपसेट बनवणारी दुसरी, असे असू शकते. ८१५ हा इंटेलचा चिपसेट होता. तो घालून इंटेल स्वतःही बोर्ड बनवी आणि तैवानच्या अनेक कंपन्याही बनवत. इंटेलचा स्वतःचा बोर्ड महाग, तीन वर्षांच्या हमीचा. तोच चिपसेट घातलेला दुसऱ्याचा बोर्ड बराच स्वस्त, काही उत्तम आणि काही यथातथा. बाजारात यासाठी दोन शब्दप्रयोग रूढ झाले : ‘इंटेल ओरिजनल’ आणि ‘इंटेल चिपसेट’. पण बोलताना दुसऱ्यातला ‘चिपसेट’ गळून पडे. उरे ‘इंटेल बोर्ड’. या गळतीवर बीडमध्ये, अंबाजोगाईत, आणि मला वाटते साऱ्या महाराष्ट्रात, पुष्कळ नफा कमावला गेला. कोणी खोटे लिहिले नाही. ‘इंटेल ८१५’ हे अक्षरशः खरे आहे.

गुरुजींनी मला विचारले होते, ‘बोर्ड इंटेलचाच ना?’ मालक जेवायला गेले होते. आत जो बोर्ड ठेवला होता तो इंटेलचा नव्हता. मी म्हणालो, ‘हो गुरुजी, इंटेलचाच.’ तीस वर्षांचा असेन मी. सौदा हातचा जाऊ नये, एवढेच डोक्यात होते. आणि खरे सांगायचे तर फरक फारसा पडणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

फरक पडला. त्या वर्षांत अनेक कंपन्यांच्या बोर्डांवरचे कंडेन्सर फुगून फुटण्याची साथ आली होती. जगभर आली होती, सदोष रसायनामुळे. २००३ च्या पावसाळ्यात गुरुजींचा संगणक बंद पडला. त्यांनी गावाजवळच्या दुसऱ्या एका कारागिराला दाखवला. त्याने झाकण उघडले, फुगलेले कंडेन्सर दाखवले आणि बोर्डवर छापलेले नाव वाचून दाखवले.

गुरुजी एसटीने बीडला आले. ओरडले नाहीत. टेबलावर पांढरे कोटेशन ठेवले, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. मालकांनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिले. वर्षाची वॉरंटी केव्हाच संपली होती. तरी आठ दिवसांत त्यांनी औरंगाबादहून शोधून इंटेलचा खरा ८१५ बोर्ड आणला. तो तेव्हा बाजारातून जवळजवळ गेलेला होता आणि त्याचे दाम मूळ भावापेक्षा जास्त पडले. गुरुजींकडून एक रुपया घेतला नाही. निम्मी रक्कम माझ्या पगारातून चार हप्त्यांत कापली. निम्मी का, हे मी विचारले नाही. कोटेशन तसे लिहिण्याची पद्धत दुकानाची होती, ‘इंटेलचाच’ हे उत्तर माझे होते. हिशेब बरोबर होता.

त्यानंतरच्या पुस्तकांत ‘मदरबोर्ड’ या ओळीत दोन नावे आहेत : बोर्डाचे आणि चिपसेटचे. अक्षर मालकांचे.

*

आणि शेवटची ओळ : ‘कॅबिनेट – एटीएक्स’. सातही पुस्तकांत या ओळीत नाव क्वचितच आढळते. कॅबिनेटसोबतच विजेचा डबा, म्हणजे एसएमपीएस, येई. घरातली वीज घेऊन तो प्रोसेसरला, बोर्डाला, डिस्कला लागेल तशी करून देतो. डब्यावर ४०० वॅट, ४५० वॅट असे छापलेले असे. त्या वजनाच्या डब्यातून तेवढी वीज निघणे शक्य नाही, हे हातात धरताच कळे.

जिथे गिऱ्हाईक नाव विचारत नव्हते, तिथे आमची कमाई होती. प्रोसेसरवर दुकानदाराला जेमतेम मिळे, कारण त्याचा भाव सगळ्यांना माहीत. भाचा पुण्याला फोन करून विचारत असे. नावामुळे सौदा होई आणि त्याच नावामुळे त्यात नफा उरत नसे. तो भरून काढायचा कॅबिनेटमध्ये, स्पीकरमध्ये, वायरमध्ये. आणि बीड जिल्ह्यात यंत्र मरे ते बहुधा त्याच निनावी डब्यापायी. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास वीज नसे. येई तेव्हा झटक्याने येई, कधी एकशेसाठ व्होल्ट, कधी अडीचशेच्या वर. डबा जाता जाता बोर्ड घेऊन जाई, कधी हार्ड डिस्कही. म्हणजे नाव असलेले भाग बिननावाच्या भागाच्या हातून मरत. बदलून मिळत ते मात्र नाव असलेलेच, कारण हमी त्यांची होती.

ही हमी बीडपर्यंत आपोआप चालत येत नसे. बंद पडलेली वस्तू फोमच्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या एसटीने औरंगाबादला न्यायची, काउंटरवर रांग लावायची, पावती घ्यायची, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा जायचे. सात वर्षांत ही वारी मी केली. एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस कोटेशनच्या कोणत्याही ओळीत नाही. गिऱ्हाईक मात्र म्हणे, ‘इंटेलवाल्यांनी बदलून दिला बरं का, कंपनी चांगलीय.’ पहिल्या पहिल्यांदा याचा राग येई. नंतर मीच तसे सांगू लागलो, कारण त्यामुळे पुढचा संगणक विकला जाई. नाव उसने आणलेले होते. ते जपायची मेहनत मात्र आम्हालाच होती, आणि जपलेल्या नावाचे व्याज परत मूळ मालकाकडे जमा होत होते. लॅमिंग्टन रोडपासून केज-धारूरपर्यंत अशा किती माणसांनी किती फेऱ्या मारल्या असतील, याचा हिशेब त्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत शोधून सापडायचा नाही.

*

उतार लवकर आला. जुलै २००४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संगणकावरचे उत्पादन शुल्क माफ झाले आणि आमचा करातला फायदा एका दिवसात गेला. माहिती-तंत्रज्ञान कराराप्रमाणे आयात शुल्कही शून्यावर आले. मोठ्या कंपन्यांचे भाव खाली उतरले. मग लॅपटॉप आला. लॅपटॉपमध्येही गोल चिन्ह होतेच, पण तो जोडता येत नाही. तेच नाव, ज्याने आमचे दुकान उभे केले, आता आमच्यावाचून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागले. शासकीय खरेदीत ‘नामांकित कंपनीचा’ ही अट आधीपासून होती; ती आता सहकारी संस्थांच्या ठरावांतही दिसू लागली.

जानेवारी २०१३ मध्ये इंटेलने डेस्कटॉपचे मदरबोर्ड बनवणे हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले. जगाच्या दृष्टीने ती आतल्या पानावरची बातमी. आमच्या मालकांनी मला फोन करून सांगितली. मी दुकान सोडून सात वर्षे झाली होती. म्हणाले, ‘आता ओरिजनल कोणाला म्हणायचं?’ पुढच्या वर्षी त्यांनी जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिली. काचेतले प्रमाणपत्र त्यांच्या घरी माळ्यावर आहे.

या लेखासाठी मी जुन्या गिऱ्हाइकांना भेटत होतो, तेव्हा केजजवळच्या त्या गुरुजींकडेही गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झालीत. ओळखले, चहा सांगितला. संगणक पडवीत पोत्याने झाकलेला. प्रोसेसरचे निळे खोके मात्र घरात, त्यात त्यांनी भेंडी-गवारीचे बी पुड्या बांधून ठेवले आहे. पांढरे कोटेशन प्लास्टिकच्या फायलीत होते. मी विचारले, ‘गुरुजी, इंटेल हे नाव तेव्हा तुम्हाला कुठून ठाऊक झालं होतं?’

‘मला कुठलं ठाऊक?’ ते म्हणाले. ‘पुतण्या होता पुण्याला. तो म्हणला, तात्या, तुम्हाला आतलं काही कळायचं न्हाई. तुम्ही फक्त विचारा, इंटेलचा आहे का. विचारताना त्याच्या तोंडाकडं बघा. बावचळला तर उठून या.’

मग हसून कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, ‘तू काय बावचळला नव्हता.’